चीजवाल्याचं घर, किराणावाल्याचं नाव

स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला, चौकाच्या कोपऱ्यावर, काळपट लाकडाचं एक उंच घर दिसतं. त्याला ‘मेझाँ कामरझेल’, म्हणजे कामरझेलचं घर, म्हणतात. खाली दगडी कमानी, त्यांवर एकाहून एक पुढे आलेले लाकडी मजले आणि माथ्यावर अंगावर येईल अशा चढणीचं कौलारू छप्पर. खिडक्या 75. दोन खिडक्यांमधल्या लाकडावर नक्षी आणि मूर्ती इतक्या दाटीने कोरल्या आहेत की कोरी जागा शोधावी लागते. शेजारी कॅथीड्रलचा 142 मीटरचा मनोरा उभा आहे. तो 1439 साली पुरा झाला आणि 1647 ते 1874 एवढा काळ जगातलं सर्वांत उंच बांधकाम म्हणून मिरवला. अशा शेजाऱ्यापुढे कुठलंही घर झाकोळून जायला हवं. हे गेलेलं नाही.

हे घर कधीचं, असं विचारलं तर एका घराची तीन उत्तरं मिळतात: 1427, 1467 आणि 1589. तिन्ही बरोबर आहेत. या जागेवरच्या घराचा मूळ काळ 1427. दगडी तळमजला 1467चा. ज्यासाठी लोक माना वर करून उभे राहतात तो लाकडी भाग 1589चा. आत भिंतींवर जी ‘मध्ययुगीन’ चित्रं आहेत ती तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. थोडक्यात, जुनं घर म्हणून आपण जे पाहतो ती वेगवेगळ्या पिढ्यांनी केलेली निवड असते. प्रत्येकाने आधीच्याचं काही ठेवलं, काही पाडलं. या घराच्या बाबतीत कुणी काय ठेवलं हे बऱ्यापैकी माहीत आहे, आणि म्हणूनच एखाद्या राजवाड्यापेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटतं.

लाकडी मजले उभे करणारा मार्टिन ब्राउन हा चीजचा व्यापारी. 1571 साली त्याने हे घर विकत घेतलं. त्याच वर्षी, चौक ओलांडला की पोचता येईल एवढ्या अंतरावर, कॅथीड्रलच्या आत एका अजस्र खगोलीय घड्याळाचं अर्धवट राहिलेलं काम पुन्हा सुरू झालं. गणिती कॉनराड डासिपोडियस आणि घड्याळजी हाब्रेख्ट बंधूंनी ते 1574मध्ये पुरं केलं. शहर तेव्हा सुखात होतं. पवित्र रोमन साम्राज्यातलं ते एक मुक्त नगर होतं. डोक्यावर सम्राट, पण कारभार आपला आपण पाहायचा. प्रॉटेस्टंट पंथ रुजला होता, छापखाने होते, ऱ्हाइन नदीवरून व्यापार चालत होता. 1585मध्ये जवळच ‘नवी इमारत’ नावाचं नगरसंस्थेचं घर नव्या इटालियन वळणाने, अख्खं दगडात उभं राहिलं. शहरात कसली हवा होती ते यावरून कळावं.

पैसेवाल्या ब्राउनलाही सगळंच पाडून दगडात बांधता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. तळमजला होता तसा ठेवला आणि वरचं सगळं नव्याने लाकडात केलं. ही हौस नव्हती, त्यात हिशेब होता. स्ट्रासबर्गचा जुना भाग इल नदीच्या दोन फाट्यांमधलं बेट आहे, त्यामुळे ओल जमिनीतून वर चढते. लाकडाचे पाय अशा जमिनीत फार दिवस टिकत नाहीत. दगडी तळमजला ओल अडवतो, वरचा भार पेलतो, दुकानाला कमानी देतो आणि माल थंड ठेवतो. चीजच्या व्यापाऱ्याला आणखी काय हवं! वर मात्र लाकूड सोयीचं. ते हलकं असतं, लवकर उभं राहतं आणि मुख्य म्हणजे पुढे काढता येतं.

हे ‘पुढे काढणं’ अल्सासमधल्या, म्हणजे स्ट्रासबर्गच्या प्रांतातल्या, जुन्या घराचं खास लक्षण. खालच्या मजल्याच्या तुळया भिंतीबाहेर हात-दीड हात सोडायच्या आणि वरच्या मजल्याची भिंत त्या टोकांवर चढवायची. जमीन तेवढीच, पण प्रत्येक मजल्याला खोली थोडी मोठी होते. खालच्या भिंतीवर पावसाचं पाणीही कमी येतं. मोह साहजिकच सगळ्यांना व्हायचा. समोरासमोरची घरं वर जाता जाता एकमेकांच्या गळ्यात पडायची आणि आग लागली की एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारायची. 1298च्या मोठ्या आगीनंतर नगराने त्याला लगाम घातला. घर किती पुढे काढायचं याचं माप कॅथीड्रलच्याच दगडात, दक्षिण बाजूला, कोरून ठेवलं. सोबत लेखही आहे: हे पुढे काढण्याचं माप. वाद झाला तर सुताराने, मालकाने आणि शेजाऱ्याने तिथे जाऊन मोजावं. बांधकामाचे नियम फायलीत ठेवण्यापेक्षा देवळाच्या भिंतीवर कोरायची ही पद्धत मला अजूनही जास्त भरवशाची वाटते.

आता लाकडाच्या कामाकडे जरा जवळून पाहू, कारण घर टिकण्याचं रहस्य तिथेच आहे. सुतार ओकचे वासे ओले असतानाच तासायचा, कारण सुकलेला ओक लोखंडासारखा कठीण होतो. मग भिंतीचा सगळा सांगाडा आवारात जमिनीवर आडवा मांडायचा. खाली बसणारी आडवी तुळई, तिच्यावर खांब, खांबांना तोलून धरणारे तिरपे दांडे आणि वर पुन्हा आडवी तुळई. प्रत्येक सांध्याला एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कुसू. दोन्ही बसले की आरपार भोक पाडून ओकची मेख ठोकायची. खिळा वापरायचाच नाही. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांवर पटाशीने एकसारखी खूण करायची. मग सगळं सुटं करून जागेवर न्यायचं आणि खुणेला खूण जुळवत उभं करायचं. दुरुस्तीच्या वेळी गिलावा खरवडला की या खुणा आजही सापडतात. एखादा वासा मूळचा की दुसऱ्या घरातून आणलेला, हे त्यांवरूनच कळतं. ओल्या लाकडाचा पुढचा गुण असा की ते जागेवर सुकताना आक्रसतं, आणि सांधे आणखी आवळतात.

सांगाडा उभा राहिला की मधले चौकोन भरायचे. आपल्याकडे कोकणात कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. खांबांच्या खाचांत काठ्या अडकवायच्या, त्यांत लवचीक फोका विणायच्या, दोन्ही बाजूंनी पेंढा घातलेली चिकणमाती थापायची आणि वरून चुन्याचा हात द्यायचा. फरक एवढाच की अल्सासमध्ये सांगाडा झाकत नाहीत, मिरवतात. तिरप्या दांड्यांच्या रचनेतून हातपाय फाकून उभ्या माणसासारखी आकृती होते, तिला ‘मान’, म्हणजे माणूस, म्हणतात. खिडकीखाली फुल्या, चौकटी, खुर्चीच्या आकाराच्या वळणदार फळ्या येतात. यांतले काही आकार भार पेलतात, काही नुसते दिमाखाचे.

ब्राउनच्या घरात दिमाख जास्त आहे. खिडक्यांच्या दुतर्फा बारा राशी आहेत, पाच ज्ञानेंद्रियं आहेत, माणसाच्या वयाच्या अवस्था आहेत, वाद्यं वाजवणारे आहेत. श्रद्धा, आशा आणि दया हे तीन ख्रिस्ती सद्गुण आहेत. आणि वीरपुरुषांची रांगच आहे: हेक्टर, अलेक्झांडर, सीझर, दावीद, यहोशवा, राजा आर्थर, शार्लमेन. ग्रीक, रोमन, बायबलमधले आणि ख्रिस्ती राजे असे सगळे एका चीजवाल्याच्या भिंतीवर गुण्यागोविंदाने नांदतात. कुणी याला व्यापाऱ्याचा बडेजाव म्हणेल, आणि तो आहेच. पण शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसाला तेव्हा जगाबद्दल जे जे माहीत असणं शोभत होतं, त्याची ती यादीही आहे. ब्राउनने ती स्वतः ठरवली की कोरणाऱ्यांनी, देव जाणे. शेजारच्या घड्याळात ग्रह-राशी फिरत असताना आपल्या दारावरही राशी हव्यात असं वाटणं मात्र अगदी शेजारधर्माला धरून आहे.

खिडक्यांची काचही पाहण्याजोगी. सलग मोठी काच तेव्हा परवडत नसे. मग कारागीर सळईच्या टोकावर काचेचा लहान गोळा घेऊन गरगर फिरवायचा की त्याची तळहाताएवढी चकती व्हायची. मधोमध, सळई तोडल्याच्या जागी, गाठ राहायची. अशा चकत्या शिशाच्या पट्ट्यांत जडवून खिडकी करायची. आत उजेड येतो, पण बाहेरचं नीट दिसत नाही आणि बाहेरच्याला आतलं. चौकात घर असणाऱ्या व्यापाऱ्याला हे दोन्ही चालण्यासारखं होतं.

यानंतरच्या दोन शतकांवरून मी भराभर पुढे जातो. 1681मध्ये चौदाव्या लुईच्या फौजा आल्या आणि स्ट्रासबर्ग फ्रान्सचं झालं. फ्रेंच अभिरुचीला उघडं लाकूड गावंढळ वाटे. आगीचं भयही होतंच. अठराव्या शतकात अल्सासमधली कितीतरी लाकडी घरं गिलाव्याखाली गेली, काही तर दगडी असल्याचा आव आणू लागली. घर आज ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो फिलिप-फ्रांस्वा कामरझेल एकोणिसाव्या शतकातला. तो होता किराणा दुकानदार. ज्याने खिशाला खार लावून घर बांधलं त्याचं नाव मागे पडलं आणि दोन शतकांहून जास्त काळाने कमानीखाली दुकान चालवणाऱ्याचं चिकटलं. घरांच्या नावांत न्याय शोधू नये. अल्सासमधल्याच कोल्मार शहरातही तेच झालं. 1537 साली लुडविग शेरर नावाच्या टोपीवाल्याने, चांदीच्या व्यापारात कमावलेल्या पैशातून, कोपऱ्यावर सज्जा आणि वर लाकडी ओसरी असलेलं चित्रमय घर बांधलं. ते ओळखलं जातं फिस्टर कुटुंबाच्या नावाने, जे तिथे एकोणिसाव्या शतकात राहायला आलं.

घर ‘जपायचं’ हा विचार पुढे आला तो एका दुखऱ्या काळात. 1870च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातल्या वेढ्यात प्रशियन तोफांनी शहर भाजून काढलं. ऑगस्टमध्ये ग्रंथालय हस्तलिखितांसह जळालं, कॅथीड्रलचं छप्पर पेटलं. 1871मध्ये अल्सास जर्मन साम्राज्यात गेलं. आठच वर्षांनी, 1879मध्ये, कामरझेलचं घर ‘उव्र नोत्र दाम’ने विकत घेतलं. ही काही सरकारी कचेरी नव्हे. कॅथीड्रल बांधायला आणि सांभाळायला तेराव्या शतकात उभी राहिलेली ही संस्था. भाविकांनी दिलेल्या घरांच्या आणि जमिनींच्या उत्पन्नावर ती चाले आणि तिच्या पदरी पिढ्यान्‌पिढ्या पाथरवट असत. तिची कार्यशाळा आजही चालू आहे. तिथली दगडकामाची परंपरा 2020मध्ये युरोपातल्या इतर कॅथीड्रलांच्या कार्यशाळांसोबत युनेस्कोने नोंदवली. अशा हातांत घर पडलं हे त्याचं नशीब. 1892मध्ये जीर्णोद्धार झाला.

त्या जीर्णोद्धारामागे नुसतं प्रेम होतं असं समजायचं कारण नाही. नव्या जर्मन सत्तेला स्ट्रासबर्ग मुळात जर्मन आहे हे दाखवायचं होतं, आणि 1589चं कोरीव लाकडी घर त्याची आयती साक्ष देत होतं. तर फ्रान्सकडे ओढा असलेल्या अल्साशियनांना हेच घर ‘आमचं, अल्सासचं’ म्हणून हवं होतं. त्यांच्यापैकी काहींनी इल नदीच्या काठावरचं एक जुनं घर घेऊन 1907मध्ये अल्साशियन संग्रहालय उघडलं आणि त्यात शेतकऱ्यांच्या खोल्या, शेगड्या, पलंग मांडले. म्हणजे दोन्ही पक्ष भांडत होते, पण पाडायला कुणीच निघालं नव्हतं. वारसा अनेकदा असाच वाचतो.

आतली चित्रं याच ओढाताणीतली. स्ट्रासबर्गमध्येच 1878 साली जन्मलेला लेओ श्नुग हा मध्ययुगाने झपाटलेला चित्रकार. शिपाई, चिलखतं, झेंडे, दारूचे चषक हे त्याचे आवडते विषय. 1905च्या सुमारास त्याने घरातल्या भिंती जुन्या वळणाच्या चित्रांनी रंगवल्या. पुढे कैसर विल्हेल्म दुसरा याने पुन्हा उभारलेल्या ओ-क्योनिग्सबुर किल्ल्यातही त्याने भित्तिचित्रं केली. दारूने आणि मनोविकाराने त्याला पोखरलं. 1933मध्ये तो मनोरुग्णालयात वारला. त्याची चित्रं म्हणजे मध्ययुगाचं विसाव्या शतकाला पडलेलं स्वप्न. शुद्धतावादी म्हणेल, ती पुसून 1589चं घर मोकळं करा. पण ती आता शंभर वर्षांहून जुनी आहेत आणि ज्या काळाने हे घर वाचवलं त्याची सही आहेत. पुसली तर घर जुनं होणार नाही, नुसतं रिकामं होईल.

1918मध्ये अल्सास पुन्हा फ्रान्सकडे आलं. 1929मध्ये फ्रेंच सरकारने घराला ‘ऐतिहासिक स्मारक’ म्हणून संरक्षण दिलं. जर्मनपणाचा पुरावा म्हणून ज्याची निगा राखली गेली, तेच घर आता फ्रान्सचा ठेवा झालं. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर 1939मध्ये शहर रिकामं करून लोकांना नैऋत्य फ्रान्समध्ये नेलं. 1940मध्ये नाझींनी अल्सास गिळलं. 11 ऑगस्ट 1944च्या अमेरिकन बाँबफेकीत कॅथीड्रललाच फटका बसला, जवळच्या रोहाँ महालाचं मोठं नुकसान झालं. कामरझेलचं घर वाचलं. हे कुणाच्या जपणुकीचं फळ नव्हे, योगायोगाचं. 1988मध्ये जुन्या बेटाचा सगळा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

संरक्षित असणं म्हणजे काय, तर मालकाला मनाला येईल ते करता येत नाही. फ्रेंच कायद्याने संरक्षित स्मारकावरच्या कामाला सरकारची परवानगी लागते. कायदा घर पडू देत नाही, पण ते सडण्यापासून वाचवणं सुताराच्या हातात आहे. लाकडी सांगाड्याचं घर आधी पायाकडून जातं, म्हणजे सर्वांत खालच्या आडव्या तुळईपासून. तिथे पाणी साचतं, बुरशी धरते, भुंगे लागतात. चांगला कारागीर तेव्हा अख्खा खांब बदलत नाही. कुजलेला पाय तेवढा कापतो, तिरपा सांधा काढून नवा ओक जोडतो आणि मेख ठोकतो. चौकोनातली माती निघाली तर ती टाकायची नसते. भिजवली, तुडवली आणि थोडा पेंढा मिसळला की तीच पुन्हा थापता येते. मला माहीत असलेलं दुसरं कुठलंही बांधकाम साहित्य इतकं विनातक्रार दुसऱ्यांदा कामाला येत नाही.

या घरांचा खरा शत्रू विसाव्या शतकात आला: सिमेंट. मातीची भिंत आणि लाकूड दोन्ही ओल घेतात आणि सोडतात. चुन्याचा गिलावा त्यांना ते करू देतो. सिमेंटचा देत नाही. त्याला बारीक तडे जातात, पाणी आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाट मिळत नाही. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, आत ओकचा भुसा होत असतो. प्लास्टिकसारखा थर धरणारे आजचे रंगही तेच करतात. जुन्या रंगाऱ्याच्या चुन्यात दुधातलं केसीन असे, आणि तो रंग श्वास घेऊ देई. चीजच्या व्यापाऱ्याला हे ऐकून बरं वाटलं असतं.

कामरझेलच्या घरात आज हॉटेल आणि रेस्तराँ आहे. आंबवलेल्या कोबीची शुक्रूत डुकराच्या मांसाऐवजी माशांबरोबर वाढायची, ही तिथली खासियत. चारशे वर्षांच्या लाकडाला स्वयंपाकघराची वाफ, न्हाणीघरांचे नळ आणि रोजची वर्दळ कशाला, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. याच चौकात, र्‍यू मेर्सिएरच्या तोंडाशी, ‘फार्मसी द्यु सेर’ आहे. तिथल्या औषधविक्रीची नोंद 1268पर्यंत मागे जाते, आणि खाली दगड, वर 1567चं लाकूड अशी तिचीही घडण आहे. 2000 साली तिथली औषधविक्री थांबली. घर उभं आहे, पण ते कशाचं घर आहे हे आता पाटी वाचून समजून घ्यावं लागतं. कामरझेलमध्ये भाड्याच्या पैशातून कौल बदलतं आणि छप्पर गळायला लागलं की त्याच दिवशी कुणाला तरी कळतं.

अडचण आहे ती नाव नसलेल्या घरांची. अल्सासच्या गावांत हजारो लाकडी घरं उभी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना कसलंच संरक्षण नाही. अंगण मोठं, छत बुटकं, थंडीत ऊब कमी. वारस शहरात असतो आणि बांधकाम व्यावसायिकाचा भाव चांगला असतो. पाडायला एक यंत्र आणि एक सकाळ पुरते. 1970च्या दशकात मार्क ग्रोडवोल आणि त्याच्या तरुण सोबत्यांनी अशी घरं वाचवायला सुरुवात केली. जिथे जागेवर वाचवणं जमेना तिथे त्यांनी जुनीच युक्ती वापरली. अल्सासमध्ये लाकडी सांगाड्याचं घर पूर्वी जंगम मालमत्ता मानलं जाई. मेखा काढायच्या, खुणा करायच्या, गाडीत भरायचं आणि दुसरीकडे उभं करायचं. ग्रोडवोलच्या मंडळींनी उंगर्सहाइमजवळ, पोटॅशच्या खाणीलगतच्या पडीक जमिनीवर, अशी घरं आणून वसवली. 1984मध्ये तिथे अल्सासचं इकोम्युझियम लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे सत्तरहून अधिक इमारतींचं गाव आहे.

ग्रोडवोलच्या पद्धतीलाही मर्यादा आहे. उचलून नेलेल्या घराला सांगाडा मिळतो, पण शेजार मिळत नाही. कामरझेलचे लाकडी मजले उद्या सुटे करून नेता येतीलही. पण 1467च्या कमानी जमिनीत रुजलेल्या आहेत, आणि राशींच्या समोर जे घड्याळ आहे ते कॅथीड्रलमध्ये आहे. म्हणून गावातल्या घरांसाठी आता स्थानिक संस्थांचा भर हलवण्यापेक्षा जागेवर राहतं ठेवण्यावर असतो. मालकाला चुन्याचा गिलावा कुठे करून मिळेल, सुतार कोण, ऊब टिकवायला भिंतीला आतून काय लावावं, या प्रश्नांची उत्तरं त्या देतात. यातलं शेवटचं कोडं अवघड आहे. भिंतीला आतून चुकीचा थर दिला की ओल पुन्हा ओकमध्येच अडकते. काही कारागीर भांगेच्या खोडाचा चुरा आणि चुना, किंवा लाकडाच्या तंतूंचे फलक आणि मातीचा लेप वापरून पाहतात. एका खोलीत करायचं, दोन हिवाळे पाहायचं आणि मग पुढची खोली हातात घ्यायची, अशी त्यांची चाल असते. ठेकेदाराला ती परवडत नाही, घराला परवडते.